घरच्या संगणकाचा पहारेकरी : मोफत कीं विकतचा?

महाग तें चांगलें आणि स्वस्त तें वाईट, असा एक समज बाजारांत फार दिवसांपासून रूढ आहे. त्याच्या जोडीला दुसराही एक समज आहे. तो असा कीं, फुकट मिळत असतां पैसे मोजणारा मनुष्य भोळा. हे दोन्ही समज एकाच घरांत सुखानें नांदतांना आम्ही पाहिले आहेत. लातुरास पाण्याची टंचाई नवी नाहीं. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें पालकांस आठवत असेलच. तेव्हांपासून पिण्याच्या पाण्याचे जार विकत घेणारीं घरें येथें पुष्कळ आहेत. जार विकतचा, म्हणून पाणी शुद्धच, असें समजून त्या यंत्रांतील गाळणी केव्हां बदलली हें कोणी विचारीत नाहीं. आणि नळाचें पाणी जवळजवळ फुकटचें, म्हणून तें वाईटच, असें समजून कोणी तें उकळून पाहत नाहीं.

घरच्या संगणकाविषयीं नेमकें असेंच चाललें आहे. नांदेड व लातूर ह्या दोन्ही शहरांतील पालक आम्हांस वारंवार विचारतात, ‘मुलाला संगणक घेऊन दिला आहे, त्यावर अँटीव्हायरस मोफतचा चालेल, कीं विकतच घ्यावा?’ प्रश्न लहान दिसतो, पण तो लहान नाहीं. डॉक्टर-इंजिनिअर होण्याच्या परीक्षांची तयारी करण्यासाठीं हिंगोली, परभणी, धाराशिव, उदगीर, देगलूर अशा ठिकाणांहून मुलें ह्या दोन शहरांत येऊन राहतात. परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे व उत्पन्नाचे दाखले, गुणपत्रिका, हें सर्व एकाच यंत्रांत सांठविलेलें असतें. अर्जाच्या शेवटच्या दिवशीं तें यंत्र दगा देईल, तर होणारें नुकसान रुपयांत मोजतां येत नाहीं. म्हणून ह्या लेखांत आम्ही त्या प्रश्नाचा क्रमानें विचार करणार आहों.

रोगाचें मूळ

संगणकाचा विषाणु म्हणजे सजीव जंतु नव्हे. तो मनुष्यानेंच लिहिलेला एक प्रोग्रॅम असतो. मात्र जंतूप्रमाणें तो आपल्या प्रती काढतो आणि एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत जातो. आय. बी. एम. जातीच्या वैयक्तिक संगणकांवरील पहिला विषाणु म्हणून ज्याची गणना होते, तो ‘ब्रेन’ १९८६ सालीं लाहोर येथील दोन भावांनीं लिहिला. आपण तयार केलेल्या वैद्यकीय प्रोग्रॅमची लोक चोरून नक्कल करितात, तिला आळा बसावा, असें त्यांचें म्हणणें होतें. त्यांनीं त्यांत आपलीं नांवें, पत्ता व दूरध्वनीचा क्रमांकही घातला होता. परंतु फ्लॉपीबरोबर तो देशोदेशीं गेला, आणि पुढें ज्यांनीं असे प्रोग्रॅम लिहिले, त्यांनीं आपला पत्ता देण्याचा प्रामाणिकपणा दाखविला नाहीं.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रांतील दोन भावांची. मूळचे सातारा जिल्ह्यांतील कैलास काटकर ह्यांनीं दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यास कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याचा धंदा पत्करला. पुढें दुकानांत संगणक दुरुस्तीस येऊं लागले, आणि त्यांतील कित्येक विषाणूंनीं बिघडलेले आढळूं लागले. त्यांचे धाकटे बंधु संजय हे संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनीं ह्या रोगावर उतारा लिहिला. १९९५ च्या सुमारास तो ‘क्विक हील’ ह्या नांवानें विक्रीस आला, २००७ सालीं कंपनीनेंही तेंच नांव धारण केलें, आणि २०१६ च्या फेब्रुवारींत तिचे शेअर बाजारांत आले. ही हकीकत आम्ही जाहिरात म्हणून सांगत नाहीं. तिच्यांत एक धडा आहे. विषाणु एकदां येऊन थांबत नाहीं. तो रोज नवें रूप घेतो, आणि म्हणून उतारा करणारासही रोज काम करावें लागतें. अँटीव्हायरस घेतांना आपण जें घेतों, तो खोक्यांतला माल नव्हे. तें कोणाचें तरी वर्षभराचें काम होय.

पहारेकरी चोर कसा ओळखतो

हा पहारेकरी तीन रीतींनीं चोर ओळखतो. पहिली रीति ओळखीची. पोलीस ठाण्यांत सराईत चोरांचीं छायाचित्रें लावलेलीं असतात. त्याप्रमाणें त्याच्याजवळ माहीत असलेल्या विषाणूंच्या खुणांची यादी असते, आणि येणारी प्रत्येक फाइल तो त्या यादीशीं ताडून पाहतो. दुसरी रीति वागणुकीची. चेहरा ओळखीचा नसला, तरी मध्यरात्रीं कुंपणावरून उडी मारणारा मनुष्य पाहुणा नव्हे, हें कोणासही कळतें. तसेंच एखादा प्रोग्रॅम एकाएकीं शेंकडों फाइली कुलूपबंद करूं लागला, तर यादींत नसतांही त्यास अडविलें जातें. तिसरी रीति चौकशीची. संशयित फाइलीची खूण इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या संगणकांकडे पाठवून, ‘ही तुमच्या ओळखीची आहे काय?’ असें क्षणांत विचारतां येतें.

ह्या तिन्ही रीति ताज्या माहितीवर अवलंबून आहेत. सहा महिन्यांपूर्वींची यादी हातांत घेऊन बसलेला पहारेकरी जुन्या चोरांस पकडील. काल जन्मलेल्या चोरास मात्र तो वाट मोकळी करून देईल, आणि वर सलामही करील.

मोफतचा पहारेकरी

पुष्कळांस ठाऊक नसतें कीं, मोफतचा एक पहारेकरी त्यांच्या घरीं आधींच कामावर आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००९ सालीं ‘सिक्युरिटी इसेन्शल्स’ नांवाचा मोफत अँटीव्हायरस देण्यास आरंभ केला, आणि २०१२ मध्यें आलेल्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ ह्या नांवानें तो विंडोजमध्येंच बसवून दिला. ‘विंडोज सिक्युरिटी’ ह्या नांवाचें जें ढालीचें चिन्ह दिसतें, त्याच्या आंत हाच असतो. त्याची मुदत संपत नाहीं, आणि त्याची यादी विंडोजच्या इतर सुधारणांबरोबर आपोआप येते. आरंभीं हा पहारेकरी कच्चा गणला जाई. परंतु जर्मनींतील माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथील एव्ही-कंपॅरेटिव्हज् ह्या संस्था वेळोवेळीं अशा प्रोग्रॅमांची परीक्षा घेतात. त्यांच्या अलीकडील परीक्षांत तो विकतच्यांच्या पंक्तीस बसलेला दिसतो.

मात्र ‘मोफत’ ह्या शब्दाच्या पोटांत दोन अर्थ आहेत. विंडोजमधील पहारेकऱ्याचा खर्च विंडोजच्या किंमतींतच आला. तो घराबरोबर मिळालेला कडीकोयंडा होय. परंतु जो परका पहारेकरी दारीं येऊन ‘मला पगार नको’ म्हणतो, तो आपलें पोट कशावर भरतो, हें विचारणें गृहस्थाचें कर्तव्य आहे. मोफतचा अनुभव घेऊन कांहीं लोक पुढें विकतचा घेतील, अशा आशेवर पुष्कळ कंपन्या तो देतात. त्यांत गैर कांहीं नाहीं. अवास्ट ह्या झेक कंपनीची गोष्ट मात्र निराळी झाली. लोक कोणकोणतीं संकेतस्थळें पाहतात, ही माहिती तिनें गोळा केली आणि जम्पशॉट नांवाच्या आपल्या उपकंपनीमार्फत विकली. बोभाटा झाल्यावर २०२० सालीं ती उपकंपनी बंद करण्यांत आली. आणि २०२४ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें कंपनीस १ कोटि ६५ लाख डॉलर भरावयास लावून, अशी माहिती जाहिरातीसाठीं विकण्याची मनाई केली. चोरापासून घर राखणारानेंच घरांतील गोष्टी बाहेर विकाव्या, ह्याहून मोठा विश्वासघात कोणता? ह्यावरून मोफतचें सर्व वाईट, असें ठरत नाहीं. मोफत घेतांना ‘ह्याचा पगार कोण देतो?’ हा प्रश्न विचारावा, इतकेंच ठरतें.

पगारी पहारेकरी

पैसे दिल्यानें विषाणु ओळखण्याची शक्ति दुप्पट होते, ही समजूत खरी नाहीं. पुष्कळ कंपन्यांच्या मोफत व विकतच्या प्रोग्रॅमांत ओळख पटविणारा भाग एकच असतो. पैशांच्या मोबदल्यांत अधिक मिळतें तें असें: अडचण आल्यास दूरध्वनीवर बोलावयास एक जाणता मनुष्य, बँकेच्या व्यवहारासाठीं निराळी सुरक्षित खिडकी, मुलांनीं काय पाहावें व किती वेळ बसावें ह्यावर पालकांची नजर, आणि एकाच परवान्यांत घरांतील अनेक संगणक व मोबाइल. ह्यांतील मुलांवरील देखरेखीची सोय मायक्रोसॉफ्टही मोफत देते, हें लक्षांत असावें. राहिली मदतीची सोय. ज्या घरांत संगणकाचें ज्ञान असलेला एकही मनुष्य नाहीं, तेथें ती खरोखर पैशांच्या मोलाची आहे.

ह्याची किंमत वर्षाला कांहीं शें रुपयांपासून पुढें असते. पहिल्या वर्षीं मोठी सवलत देऊन दुसऱ्या वर्षीं पूर्ण किंमत आपोआप बँकेच्या कार्डांतून कापून घेण्याची रीति कांहीं विक्रेत्यांनीं पाडली आहे. म्हणून घेतांनाच दुसऱ्या वर्षाची किंमत विचारून ठेवावी.

झोंपलेला आणि चोरलेला

आतांपर्यंत आम्ही दोन पहारेकरी सांगितले. परंतु पुष्कळ घरांत ह्या दोहोंपैकीं एकही नसून तिसराच असतो. त्याचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. आमच्याच घरची गोष्ट सांगतों. संगणक घेतला तेव्हां त्याबरोबर विकतचा अँटीव्हायरस बसवून घेतला होता. वर्ष संपलें. पडद्याच्या कोपऱ्यांत रोज तांबडी खूण येऊं लागली, आणि रोज आम्ही फुलीवर टिचकी मारून ती घालवूं लागलों. आपला पहारेकरी विकतचा आहे, एवढ्यावर आम्ही निश्चिंत होतों. पुढें एके दिवशीं घरांतील मुलीनें दाखल्यांच्या छापील प्रती काढण्यासाठीं पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानांत नेला. परत आणून संगणकास लावला, तों प्रत्येक फोल्डरच्या जागीं बाण असलेलें एक चिन्ह, म्हणजे शॉर्टकट, दिसूं लागलें. तिनें त्यावर टिचकी मारली, आणि विषाणु संगणकांत शिरला. मग घाबरून लावलेल्या दुसऱ्या पेन ड्राइव्हचीही तीच गत झाली. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशीं संपत होती. गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, सर्व कांहीं त्या दोन पेन ड्राइव्हांत होतें. त्या रात्रीं घरांत चूल पेटली, पण जेवण कोणास गेलें नाहीं.

सुदैवानें तो विषाणु फाइली नष्ट करणारा नसून लपविणारा होता. शेजारच्या एका जाणत्या विद्यार्थ्यानें ‘ॲट्रिब’ नांवाची आज्ञा देऊन त्या पुन्हां दृश्य केल्या, आणि अर्ज मुदतींत गेला. दुकानदारास दोष द्यावा, तर त्याच्याकडे सकाळपासून रात्रीपर्यंत किती लोकांचे पेन ड्राइव्ह येतात! दोष आमचा होता. पैसे देऊन आणलेला पहारेकरी वर्षभरानें दारांतच झोंपीं गेला होता. आणि जागा त्यानें अडविली असल्यामुळें विंडोजचा स्वतःचा पहारेकरी बाजूस सरून राहिला होता. मुदत संपलेला प्रोग्रॅम आम्ही रीतसर काढून टाकतांच तो पुन्हां कामावर आला. त्यासाठीं एक पैही लागली नाहीं.

ह्याहून वाईट तो चोरलेला. ‘वर्षाचे पैसे कशाला घालवितां? मी क्रॅक टाकून देतों,’ असें म्हणणारा मनुष्य कोठेंही भेटतो. तो क्रॅक बसवितांना प्रथम काय करावयास सांगतो? असलेला पहारेकरी बंद करा, असें. कुलूपाची किल्ली चोराकडून करवून घेण्यासारखेंच हें होय. शिवाय दुसऱ्याच्या श्रमाचें मोल न देतां तें वापरणें ही चोरी आहे. आणि चोरी करून घराची राखण करणें ह्या शाळेच्या विद्यार्थ्यास शोभत नाहीं.

निवड कशी करावी

ज्या घरीं संगणक नवा आहे, विंडोज ११ च्या सुधारणा वेळच्या वेळीं येत आहेत, आणि मुख्य उपयोग अभ्यास व अर्ज हा आहे, तेथें विंडोजमधील मोफत पहारेकरी पुरेसा आहे. अशा घरानें वांचलेल्या पैशांत एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी आणि महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत तिच्यावर ठेवावी. ज्या घरीं दुकानाचे हिशेब व बँकेचे व्यवहार त्याच यंत्रावर चालतात, लहान मुलें तेंच वापरतात, आणि बिघाड झाल्यास पाहणारें कोणी नाहीं, त्या घरानें विकतचा घेण्यास हरकत नाहीं. मात्र तो कंपनीकडूनच किंवा पावती देणाऱ्या दुकानांतून घ्यावा, आणि मुदत संपण्याची तारीख त्याच दिवशीं भिंतीवरील कालनिर्णयावर लिहून ठेवावी. एका यंत्रावर दोन अँटीव्हायरस एकाच वेळीं बसवूं नयेत; दोन पहारेकरी एकमेकांसच चोर समजून भांडत बसतात.

ज्या घरीं संगणक जुना आहे, त्यांचा प्रश्न निराळा आहे. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजीं आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. भिंतीसच भगदाड पडलें असतां दारावरचा पहारेकरी कितीही महागडा असून काय उपयोग? ‘वॉनाक्राय’ नांवाच्या विषाणूनें १२ मे २०१७ पासून थोड्याच दिवसांत सुमारें १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवर हल्ला केला, लोकांच्या फाइली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडविण्यासाठीं खंडणी मागितली. ज्या भगदाडांतून तो शिरला, तें बुजविण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजींच, म्हणजे दोन महिने आधीं, मोफत दिला होता. ज्यांनीं तो वेळीं घेतला, त्यांस ह्या मार्गानें बाधा झाली नाहीं. म्हणून जुन्या संगणकाच्या मालकानें प्रथम विंडोज बदलण्याचा, किंवा लिनक्स बसविण्याचा विचार करावा. अँटीव्हायरसचा विचार मागाहून.

विषाणु शिरल्याचा संशय आल्यास भारत सरकारचें सायबर स्वच्छता केंद्रही साह्यास आहे. फेब्रुवारी २०१७ मध्यें सुरू झालेल्या ह्या केंद्रानें भारतीय कंपन्यांच्या सहकार्यानें रोगट संगणक स्वच्छ करण्याचीं साधनें लोकांस मोफत उपलब्ध करून दिलीं.

पहारेकऱ्याच्या हातीं नसलेलें

एक गोष्ट कोणताही पहारेकरी करूं शकत नाहीं. घरधन्यानें स्वतःच दार उघडून चोरास आंत बोलाविलें, तर तो हतबल होतो. ‘तुमच्या संगणकांत विषाणु शिरला आहे, ह्या क्रमांकावर ताबडतोब फोन करा,’ अशी पाटी एकाएकीं पडद्यावर आली, तर ती बहुधा चोराचीच समजावी. फोनवर ओटीपी सांगणें, अनोळखी मनुष्याच्या सांगण्यावरून यंत्राचा ताबा देणारा प्रोग्रॅम बसविणें, ह्यांवर मोफत वा विकत कोणताच उतारा नाहीं. पैसे गेलेच, तर लाज न धरतां त्याच घटकेस १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

विद्यार्थ्यांसाठीं अभ्यास

विद्यार्थिमित्रहो, हा लेख वाचून बाजूस ठेवूं नका. आज घरीं जाऊन विंडोज सिक्युरिटी उघडा. पहारा चालू आहे काय आणि यादी शेवटची केव्हां ताजी झाली, तें वहींत लिहा. दुसरा प्रयोग शिक्षकांसमक्ष करावा. युरोपांतील आयकार ह्या संस्थेनें केवळ ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी परीक्षा-फाइल करून ठेविली आहे. ती विषाणु नव्हे, पण जागा असलेला अँटीव्हायरस तिला विषाणु समजून अडवितो. आपला अडवितो कीं नाहीं, हें पाहा. तिसरा अभ्यास असा कीं, झेरॉक्सच्या दुकानांतून आलेला पेन ड्राइव्ह तपासल्यावांचून उघडावयाचा नाहीं, असा नियम घरांत घालावा, आणि तो प्रथम स्वतः पाळावा.

शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दाखला आपणां सर्वांस पाठ आहे. दिवे दहाही जणींजवळ होते. कोणाचा दिवा महाग व कोणाचा स्वस्त, ह्याचा त्या दाखल्यांत उल्लेखही नाहीं. मध्यरात्रीं हाक आली तेव्हां एकच प्रश्न उरला: तेल कोणाजवळ आहे? संगणकाच्या पहारेकऱ्याचेंही तसेंच आहे. मोफत कीं विकत, हा प्रश्न बाजाराचा. तेल आहे कीं नाहीं, हा प्रश्न घराचा. आणि तें तेल घालण्याचें काम आपल्यावांचून दुसरें कोणी करणार नाहीं.